‘पदार्थ’ आणि ‘प्रक्रिया’ : एकस्व कायद्यातील एक भेद व लसींचा प्रश्न

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईहून, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून आली होती. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन अशी खूण असलेल्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली होती, ते सर्वजण धनुर्वाताने मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतील लस टोचून घेतलेल्यांपैकी कोणालाही हा रोग झाला नाही.

या दुर्घटनेनंतर जो वाद माजला त्याचा विषय मोठा लक्षणीय होता. लसीत काय असते, याविषयी कोणाचा मतभेद नव्हता. उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू तीत असतात, हे सर्वांस ठाऊक होते. प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत तीच लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. वाद होता तो लस तयार करण्याच्या रीतीविषयी. पूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल मिसळण्यात येत असे; हाफकिन यांनी ते वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाने या बदलावर ठपका ठेवला. पुढे रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. खेड्यात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट त्यांनी पुढे आणली. हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७ साली. पाच वर्षे चाललेल्या या साऱ्या चर्चेत लस हा ‘पदार्थ’ जवळजवळ अनुल्लेखित राहिला. आम्ल, तापमान, बूच, चिमटा, हात यांचीच छाननी झाली.

औषधांची एकस्वे, म्हणजे सामान्य व्यवहारात ज्यांना पेटंट म्हणतात ती, यांविषयीच्या भारतीय धोरणाचा इतिहास लिहिताना हे प्रकरण सहसा कोणी आठवत नाही. त्यात एकस्वाचा प्रश्नच नव्हता, हे त्याचे उघड कारण. तथापि १९७० नंतर भारताने ज्या एका शाब्दिक भेदावर आपले औषधविषयक धोरण उभारले, त्या भेदाची मर्यादा मुल्कोवालच्या त्या बाटलीत अगोदरच दिसून आली होती, असे म्हणण्यास जागा आहे. तो भेद म्हणजे ‘पदार्थ’ आणि ‘प्रक्रिया’ यांतील भेद होय.

भारतात या विषयावरील पहिला कायदा १८५६ चा. तो इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेता केला गेल्यामुळे दुसऱ्याच वर्षी रद्द करावा लागला व १८५९ मध्ये पुन्हा नव्याने मांडण्यात आला. १८५६ च्या कायद्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या गृहस्थांनी पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या पंख्यापासून सुरू झालेली ही परंपरा १९११ च्या कायद्याने स्थिर झाली. या कायद्यानुसार रसायने व औषधे यांच्या बाबतीत पदार्थ आणि तो बनविण्याची प्रक्रिया या दोहोंवरही हक्क सांगता येत असे. एखाद्या कंपनीने नवा औषधी पदार्थ शोधून त्याचे एकस्व मिळविले, की मग तो कोणी कोणत्याही अन्य मार्गाने बनविला तरी हक्कभंग होई.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेची दोनदा तपासणी झाली. १९४८ साली नेमलेल्या बक्षी टेकचंद समितीने अन्न व औषधे यांच्या बाबतीत सक्तीचे परवाने देण्याची तरतूद सुचविली आणि १९५० ते १९५२ या काळात कायद्यात तसे बदल झाले. त्यांचा प्रत्यक्ष उपयोग फारसा झाला नाही. दुसरी तपासणी अधिक मूलगामी होती. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी सप्टेंबर १९५९ मध्ये सादर केलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. भारतातील बहुसंख्य एकस्वे परकीयांच्या हाती आहेत व त्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन भारतात होतच नाही, अशी आकडेवारी त्यात होती. पण अहवालाचे खरे बळ त्याच्या तुलनात्मक दृष्टीत आहे. जर्मनीने १८७७ च्या कायद्यात अन्न, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांना पदार्थ म्हणून एकस्व देण्याचे नाकारले होते. मात्र ते बनविण्याच्या प्रक्रियांना दिले होते. परिणामी, एकाच रसायनाकडे जाणाऱ्या नवनव्या वाटा शोधण्याची चढाओढ जर्मन रसायनशास्त्रज्ञांत लागली. अय्यंगारांनी हा दाखला भारतापुढे ठेवला. जी राष्ट्रे पुढे पदार्थाच्या एकस्वाचा सर्वांत कडवा पुरस्कार करू लागली, त्यांचा स्वतःचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. जर्मनीने रासायनिक पदार्थांना एकस्व दिले ते १९६८ पासून, जपानने १९७६ मध्ये, तर स्वित्झर्लंडने औषधांच्या बाबतीत १९७७ मध्ये.

अय्यंगारांच्या शिफारशींना कायद्याचे रूप येण्यास अकरा वर्षे लागली. १९६५ चे विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले. १९६७ मध्ये दुसरे आले, १९७० मध्ये ते संमत झाले आणि २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आले. त्याचे पाचवे कलम आकाराने लहान, पण परिणामाने मोठे आहे. अन्न किंवा औषध म्हणून वापरावयाच्या पदार्थांच्या, तसेच रासायनिक प्रक्रियांनी तयार होणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत, प्रत्यक्ष पदार्थावर एकस्व मिळणार नाही. त्याच्या उत्पादनाच्या रीतींवर किंवा प्रक्रियांवर मात्र मिळू शकेल, एवढाच त्याचा आशय. औषधी प्रक्रियेच्या एकस्वाची मुदतही इतरांच्या चौदा वर्षांऐवजी, मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांत जी अगोदर संपेल ती, अशी ठेवण्यात आली. शिवाय तीन वर्षांनंतर कोणालाही परवाना मागता येईल आणि स्वामित्वशुल्क चार टक्क्यांहून अधिक असणार नाही, अशीही व्यवस्था होती.

या कलमामागे एक गृहीत आहे व ते भाषिकदृष्ट्या तपासले पाहिजे. पदार्थ हे नाम, प्रक्रिया ही त्यामागची क्रिया, आणि ती दोन्ही परस्परांपासून विलग करता येतात; क्रिया बदलली तरी नाम तेच राहते, असे हे गृहीत होय. साध्या रासायनिक औषधांच्या बाबतीत ते खरे ठरते. विशिष्ट रेणू कोणत्याही वाटेने तयार केला तरी तो तोच रेणू असतो. शुद्धतेची कसोटी पार पडली की तो कोठून आला हे रोग्याच्या शरीरास ठाऊक नसते. मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील रसायनशास्त्रज्ञांना या कलमाने मोकळे रान मिळाले व त्याचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. त्याचे सर्वांत गाजलेले फळ फेब्रुवारी २००१ मध्ये दिसले. ज्या तीन औषधांच्या संयुक्त उपचारासाठी एड्सच्या रोग्यास वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागत, तोच उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी मुंबईच्या सिप्ला कंपनीने ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेपुढे दर्शविली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्धचा आपला दावा मागे घेतला. १४ नोव्हेंबर रोजी दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी, व्यापारविषयक करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत, अशी घोषणा संमत केली.

लसीच्या बाबतीत मात्र हे गृहीत डळमळते. लस हा बहुधा रेणू नसतो. ती जिवंत किंवा मारलेल्या जंतूंपासून, अगर त्यांच्या अंशांपासून, वाढविलेली, गाळलेली, तापविलेली व टिकविलेली वस्तू असते. ती कोणत्या पेशींवर वाढविली, किती अंशांवर किती वेळ ठेवली, कोणत्या टप्प्यावर काय मिसळले, यांवर तिचे गुणधर्म ठरतात. म्हणूनच लस बनविणाऱ्याने प्रक्रियेत महत्त्वाचा बदल केला तर नियामक संस्था तिच्याकडे जणू नवीन लस म्हणून पाहतात व नवा पुरावा मागतात. येथे नाम क्रियेपासून सुटत नाही. ‘पदार्थ खुला, प्रक्रिया राखीव’ हे १९७० चे सूत्र लसीला लावले, तर जे खुले केले ते हाताशी येत नाही आणि जे हवे ते राखीवच राहते. यावर असा आक्षेप येईल, की भारतातील लसींचे उत्पादन १९७० नंतरही वाढतच गेले. ते खरे आहे. पण त्यामागचे कारण पाचवे कलम नव्हते. त्या काळच्या बहुतेक लसींच्या कृती खुल्या होत्या, हे ते कारण. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील लेस्ली कॉलिअर यांनी देवीची लस गोठवून सुकविण्याची रीत १९५५ मध्ये शोधपत्रिकेत प्रसिद्ध केली. तीमुळे उष्ण प्रदेशांत ही लस नेणे शक्य झाले. पोलिओच्या लसीचे एकस्व सॉल्क यांनी घेतले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. ती सांगताना एक तपशील सहसा गाळला जातो. त्यांना साहाय्य देणाऱ्या प्रतिष्ठानाच्या वकिलांनी एकस्वाची शक्यता आधीच पडताळून पाहिली होती व पुरेशा नावीन्याच्या अभावी ते मिळणार नाही, असा निष्कर्ष काढला होता. औदार्याच्या कथांतही कायद्याची भाषा अशी दबा धरून बसलेली असते.

भारतीय कायद्याला लसीची ही अडचण प्रत्यक्ष भेडसावली ती २००२ मध्ये, आणि तीही माणसाच्या नव्हे, कोंबड्यांच्या लसीवरून. डिमिनाको या स्विस कंपनीने कोंबड्यांना होणाऱ्या बर्सायटिस या सांसर्गिक रोगावरील जिवंत लस तयार करण्याच्या प्रक्रियेवर एकस्व मागितले होते. अर्ज पदार्थावर नव्हता. १९७० च्या कायद्यानुसार रीतसर प्रक्रियेवरच होता. तरीही एकस्व नियंत्रकांनी तो फेटाळला. प्रक्रियेच्या शेवटी जे निष्पन्न होते त्यात जिवंत विषाणू आहे, जिवंत वस्तूचे ‘उत्पादन’ होत नाही, यास्तव ही कायद्याला अभिप्रेत असलेली ‘उत्पादनाची रीत’ नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. ‘उत्पादनाची रीत’ हा शब्दप्रयोग सतराव्या शतकातील इंग्लंडच्या मक्तेदारीविषयक कायद्यापासून चालत आलेला. त्या काळच्या कारागिराच्या भाषेत विषाणू बसत नाही, हे खरेच. १५ जानेवारी २००२ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने नियंत्रकांचा निर्णय फिरविला. ‘उत्पादन’ या शब्दाच्या कोशगत अर्थात सजीवयुक्त विक्रेय वस्तू वगळलेली नाही व कायद्यातही तशी मनाई नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जैवरासायनिक, जैवतांत्रिक आणि सूक्ष्मजैविक प्रक्रियांचा ‘रासायनिक प्रक्रिये’च्या कक्षेत स्पष्टपणे समावेश करण्यात आला. या निकालाची चर्चा सहसा सजीवांवरील एकस्वाच्या अंगाने होते. त्याचे दुसरे अंग अधिक विचारणीय वाटते. नियंत्रक पदार्थाकडे पाहून प्रक्रिया नाकारत होते, म्हणजे ज्या दोन शब्दांची फारकत करण्यावर कायदा उभा होता, ते येथे एकमेकांत मिसळून गेले होते.

एव्हाना पाचव्या कलमाचे दिवस भरले होते. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे झालेल्या करारांपैकी बौद्धिक संपदेविषयीचा, ट्रिप्स या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला होता. त्याच्या २७ व्या अनुच्छेदाने तंत्रविद्येच्या सर्व क्षेत्रांत, पदार्थ असो वा प्रक्रिया, एकस्व देणे बंधनकारक केले. भारतास पदार्थांच्या बाबतीत २००५ पर्यंत मुदत होती व त्या वर्षी पाचवे कलम कायद्यातून गेले. त्याच दुरुस्तीत ३(ड) या कलमाला नवे रूप मिळाले. ज्ञात पदार्थाचे नवे रूप, त्याची ‘परिणामकारकता’ वाढत नसेल तर, शोध मानले जाणार नाही, हा त्याचा गाभा. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात ‘परिणामकारकता’ म्हणजे रोगनिवारक परिणामकारकता, असा अर्थ लावला. २०१२ मध्ये नॅटको कंपनीला मिळालेल्या पहिल्या सक्तीच्या परवान्याने एका कर्करोगविरोधी औषधाची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आणली. ही दोन्ही उदाहरणे योग्य कारणांसाठी गाजली. पण दोन्ही गोळ्यांची आहेत. सक्तीच्या परवान्याने कायदेशीर अडसर दूर होतो. पुढचे काम रसायनशास्त्रज्ञ करतो. लसीच्या बाबतीत अडसर दूर झाल्यावरही कृती हाती येत नाही. ट्रिप्स करारात याचीही तरतूद आहे, पण उलट्या बाजूने. त्याचा ३९ वा अनुच्छेद ‘अप्रकट माहिती’ला, म्हणजे व्यापारी गुपिताला संरक्षण देतो. एकस्व घेणाऱ्याला शोध जाहीर करावा लागतो व त्याची मुदत संपते. गुपिताला ना प्रकटीकरण, ना मुदत.

लसीची कृती खरोखर हस्तांतरित झाली म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या मेंदूज्वराच्या साथी वरचेवर येत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने यावर नवी लस तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. मात्रेमागे अर्ध्या डॉलरहून अधिक देणे परवडणार नाही, असे तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी बजावले होते. बड्या उत्पादकाशी चाललेली बोलणी फिसकटल्यावर काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले. जंतूच्या आवरणातील शर्करा तयार करण्याची रीत नेदरलँड्समधील एका कंपनीकडून मिळाली. ती शर्करा प्रथिनाशी जोडण्याची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत विकसित झाली होती. ती तेथील शास्त्रज्ञांनी पुण्याच्या शास्त्रज्ञांना शिकविली. जोडणीसाठी वापरलेले प्रथिन होते धनुर्वाताच्या विषापासून निर्विष केलेले. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झाले आणि पुढील वर्षांत आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांना ही लस मिळाली. येथे कोणतेही एकस्व मोडावे लागले नाही, सक्तीचा परवाना लागला नाही. हातांनी हातांना शिकविले, एवढेच झाले.

या पार्श्वभूमीवर २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दिलेला प्रस्ताव वाचला म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. कोविडच्या प्रतिबंधासाठी व उपचारासाठी ट्रिप्स करारातील काही बंधने तात्पुरती उठवावीत, अशी त्यात मागणी होती. आणि त्यात चार गोष्टींची नावे घेतली होती : एकस्वे, प्रताधिकार, औद्योगिक अभिकल्प आणि अप्रकट माहिती. चौथे नाव सर्वांत महत्त्वाचे. पन्नास वर्षे ‘पदार्थ’ मुक्त करण्यात गुंतलेल्या भारतीय धोरणाने प्रक्रियेच्या गुपितावर प्रथमच आंतरराष्ट्रीय मंचावर बोट ठेवले होते. ते बोट योग्य जागी होते, याचा पुरावाही लगेच मिळाला. ८ ऑक्टोबर २०२० रोजी मॉडर्ना कंपनीने, साथ असेपर्यंत कोविडविषयक आपली एकस्वे कोणाविरुद्ध वापरणार नाही, असे जाहीर केले. तरीही पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने केप टाऊन येथे उभ्या केलेल्या केंद्राला तीच लस कंपनीच्या मदतीविना, प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून स्वतः उलगडत बसावे लागले. एकस्व आडवे नव्हते. कृती मात्र कोणी सांगत नव्हते.

खुद्द भारत सरकारच्या भूमिकेत या वेळी एक विसंगती होती व ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सर्वोच्च न्यायालयापुढील प्रतिज्ञापत्रात केंद्र सरकारने असे म्हटले, की या टप्प्यावर एकस्व कायद्यातील अधिकार वापरणे उलट परिणाम करणारे ठरेल. खरी अडचण कच्च्या मालाच्या टंचाईची आहे. जिनीव्हात बंधने उठविण्याची मागणी व दिल्लीत असलेले अधिकार वापरण्यास नकार, असे हे चित्र होते. मुत्सद्देगिरीच्या सोयीने त्याचे समर्थन करता येते. अभ्यासकाला ते पुरेसे वाटणार नाही. विशेषतः, कोव्हॅक्सिन ही लस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या भागीदारीत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूवरून तयार झाली होती. तिची कृती इतर देशांसाठी खुली करण्याचा प्रश्न भारताच्या स्वतःच्या हातातला होता. त्याच वसंतात देशातून होणारी लसींची निर्यात थांबली आणि पुण्याच्या पुरवठ्यावर विसंबून असलेल्या आफ्रिकी देशांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. उत्पादनाची कृती थोड्याच ठिकाणी साठून राहिली म्हणजे काय होते, ते त्या देशांनी त्या वर्षी पाहिले.

अमेरिकेने ५ मे २०२१ रोजी केवळ लसींपुरता पाठिंबा दिला. युरोपीय संघ, ब्रिटन व स्वित्झर्लंड यांचा विरोध टिकून राहिला. १७ जून २०२२ रोजी जिनीव्हात जो निर्णय झाला, त्याचा मसुदा चार नावांच्या मूळ प्रस्तावाशेजारी ठेवून पाहावा. प्रताधिकार आणि अभिकल्प गेले. उरले ते एकस्व, पाच वर्षांपुरते, विकसनशील देशांसाठी, तेही मुख्यतः सक्तीच्या परवान्याखाली तयार झालेल्या लसींची निर्यात सुलभ करण्यापुरते. ‘प्रक्रिया’ हा शब्द तेथे आहे, पण तळटीपेत : एकस्वाच्या विषयात लसीसाठी आवश्यक घटकद्रव्ये व प्रक्रिया यांचा समावेश होतो, अशी ती टीप. म्हणजे प्रक्रिया आली, परंतु जिचे एकस्व घेतले आहे, म्हणजेच जी आधीच जाहीर झालेली आहे, तेवढीच. अप्रकट माहितीच्या ३९ व्या अनुच्छेदाचा उल्लेख केवळ नियामकांकडे सादर केलेल्या चाचण्यांच्या माहितीपुरता उरला. औषधे व निदानसाधने यांचा विचार सहा महिन्यांत करण्याचे ठरले होते. फेब्रुवारी २०२४ मधील अबू धाबीच्या परिषदेपर्यंत त्यावर एकमत झाले नाही.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने साथींविषयीचा नवा करार स्वीकारला. तंत्रज्ञान व कृतिज्ञान यांच्या हस्तांतराला त्यात एक स्वतंत्र अनुच्छेद मिळाला आहे. हस्तांतर ‘परस्परसंमतीनुसार’ व्हावे, असे तेथे म्हटले आहे. आणि या शब्दावर पुन्हा एक तळटीप आहे, तिच्यानुसार परस्परसंमती म्हणजे स्वेच्छेने पत्करलेली. मसुद्यावर वाटाघाटी करणाऱ्यांनी ज्या शब्दांवर सर्वाधिक वेळ घालविला, त्यांत हा एक होता.